कपड्यांवर ठराव करायचाच असेल तर

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाचे नियम काढले. पुरुषांनी शर्ट-पँट घालावी, शर्ट खोचलेला असावा. शिक्षिकांनी साडी नेसावी किंवा सलवार-कुर्ता आणि दुपट्टा घ्यावा. जीन्स-टीशर्ट कुणीच घालू नये. त्याआधी, मे २०२३ मध्ये, नागपूर जिल्ह्यातल्या चार मंदिरांनी वस्त्रसंहिता लावली. विदर्भातल्या खेड्यांना हे नवीन नाही. इथे कागदावर ठराव नसला तरी पारावरचं फर्मान असतं, आणि ते बहुधा कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठीच निघतं. जीन्स नको, ओढणी हवी, कारण ही आपली संस्कृती नाही.

या वाक्यातल्या 'कारण'ला माझा विरोध आहे. गावानं कपड्यांवर बोलू नये असं मी म्हणत नाही. बोलावं, आणि कशावर बोलावं तेही पुढे सांगतो. पण ज्या संस्कृतीच्या नावानं हे नियम निघतात, तिचा इतिहास या नियमांच्या बाजूनं उभा राहत नाही. आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखाला तर हा इतिहास माहीत नसणं परवडणारंच नाही.

नथीपासून सुरुवात करू. मराठी बाईची ओळख म्हणून आज नथीइतकं पक्कं दुसरं काही नाही. लग्नपत्रिकेवर नथ, हळदीकुंकवाच्या बॅनरवर नथ, बचत गटाच्या बोधचिन्हातही नथ. आता अजिंठ्याला जा. तिथली उत्तरकालीन लेणी पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात कोरली गेली. सोळाव्या लेण्याचं दान त्याचा मंत्री वराहदेव याचं, असं तिथला शिलालेखच सांगतो. या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. अजिंठ्याची चित्रं ही एका अर्थानं विदर्भाच्या दरबारानं मागे ठेवलेली ठेव आहे. त्या भिंतींवर राण्या आहेत, दासी आहेत, नर्तकी आहेत. कानात, गळ्यात, दंडात, कमरेला, केसांत दागिने आहेत. इतके, की चित्रकारानं एकेक मोती मोजून काढला असावा असं वाटतं. नाकात मात्र काही नाही. सांचीच्या तोरणांवरच्या यक्षी पाहा, तिथेही नाक मोकळं. प्राच्यविद्येचे अभ्यासक प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकात नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला, तेव्हा प्राचीन शिल्पांत आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत नाकातल्या दागिन्याचा मागमूस लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. नथ आपल्याकडे आली ती मध्ययुगात, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते पश्चिम आशियाकडून.

यानं नथ परकी ठरत नाही. माझ्या आजीच्या पिढीनं ती घातली, तिच्यासाठी मोती गाठीला बांधून ठेवले, लेकीला दिली. आपल्या बायकांनी ती अंगावर वागवली, म्हणून ती आपली झाली. वापरणाऱ्यानं आपलं म्हणणं, यापेक्षा मोठा हक्क कुठल्याच वस्त्राला किंवा दागिन्याला कधी मिळालेला नाही. हा नियम नथीला लावायचा आणि जीन्सला लावायचा नाही, याला आधार काय?

साडीचंही तेच. आज सगळीकडे जिला 'पारंपरिक' म्हणतात ती परकरावर नेसायची, ब्लाउज घालून खांद्यावर पदर घ्यायची पाचवारी साडी, हिचं हे रूप दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस, म्हणजे इंग्रज राजवटीतले वरिष्ठ सनदी अधिकारी, झालेले पहिले भारतीय. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी १८६० च्या दशकात त्यांच्याबरोबर मुंबई इलाख्यात आल्या. बंगालमधल्या घरच्या नेसणीत त्यांना बाहेर वावरणं अवघड होतं. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची साडी पाहिली, त्यात फेरफार केले, आत परकर आणि इंग्रजी धर्तीचं पोलकं घातलं, आणि ती पद्धत बंगालमध्ये नेली. घराबाहेर पडणाऱ्या बाईला सोयीचं काहीतरी हवं होतं, तिनं ते चार ठिकाणांहून गोळा केलं. त्या काळच्या कर्मठांनी या पोशाखालाही नावं ठेवली. आज त्याच पोशाखाच्या रक्षणासाठी नियम निघतात.

आणि पुरुष? त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचा हिशेब कुणी मागत नाही. खोचलेला शर्ट आणि पँट कुठल्या ऋषीनं सांगितली होती? पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी आमची मुलं ज्या खाकीचं स्वप्न बघतात, ती १८४० च्या दशकात पेशावरकडे हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या पलटणीसाठी आणलेली. पांढरे-लाल कपडे धुळीच्या मुलखात लांबून दिसत, म्हणून कापड धुळीच्या रंगात रंगवलं. मनगटी घड्याळ पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपात बायकांचा दागिना समजलं जाई. खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढणं जमेना, तेव्हा ते पुरुषांच्या हातावर आलं. उंच टाचा इराणी घोडेस्वारांच्या, रिकिबीत पाय घट्ट राहावा म्हणून. सतराव्या शतकात फ्रान्सचा चौदावा लुई त्या मिरवत असे. धोतर सोडून पँट घातली म्हणून गावातल्या कुठल्या पुरुषाला ग्रामसभेत उभं केल्याचं मी ऐकलेलं नाही. धोतर गेलं, बाराबंदी गेली, मुंडासं फक्त लग्नात फेट्याच्या रूपानं उरलं, आणि संस्कृती काही बुडाली नाही. ती बुडण्याची भीती फक्त मुलीच्या पायातल्या पँटमुळेच वाटते.

त्या पँटचा इतिहास तर आपल्याच वावराशी जाऊन भिडतो. मुंबईजवळच्या डोंगरीचं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. शिडांसाठी, तंबूंसाठी, पुढे खलाशांच्या आणि मजुरांच्या कपड्यांसाठी ते गेलं. त्याला निळा रंग देणारी नीळ हिंदुस्थानातून जहाजं भरून युरोपला जाई. त्या निळीपायी बंगालमध्ये १८५९ मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं आणि चंपारणला १९१७ मध्ये गांधीजींना जावं लागलं. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि शेतातली नीळ हळूहळू संपली. आज आपण जिला जीन्स म्हणतो तिचं पेटंट २० मे १८७३ चं. अमेरिकेतल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याची पँट सारखी फाटते, टिकाऊ करून दे म्हणाली. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटचे पैसे त्याच्याकडे नव्हते, म्हणून त्यानं सॅन फ्रान्सिस्कोतला कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्राउस याला भागीदार केलं. म्हणजे जीन्स जन्माला आली ती कष्टकऱ्याच्या फाटक्या खिशातून. सुती, जाड, मळखाऊ आणि रोज धुवायची गरज नसलेली. एसटीनं धक्के खात तालुक्याला जाणाऱ्या, सायकल मारणाऱ्या, संध्याकाळी घरी येऊन गोठ्यात हात लावणाऱ्या मुलीला हा कपडा सोयीचा वाटला, यात नवल ते काय?

आता एक प्रसंग सांगतो. परक्या कपड्यावरून बाईच्या अंगावर धावून जाण्याचा सगळ्यात भीषण इतिहास आपल्याच कापडाचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सतराव्या शतकात हिंदुस्थानी छापील सुती कापडानं युरोपला वेड लावलं. सुरत, बंगाल आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून ते जाई. वऱ्हाडचा कापूसही बंजाऱ्यांच्या बैलांवर लादला जाऊन दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणकडच्या विणकरांपर्यंत पोचत असे, म्हणजे त्या कापडात आपल्या काळ्या मातीचाही धागा होता. हलकं, धुतलं तरी रंग न सोडणारं, मोलकरणीला परवडेल आणि राणीला आवडेल असं कापड युरोपनं तोवर पाहिलं नव्हतं. तिथले लोकर आणि रेशीम विणणारे हादरले. फ्रान्सनं १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनं १७०१ मध्ये आयात रोखली. तरी बायका ते वापरतच राहिल्या. मग १७१९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या स्पिटलफिल्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले आणि त्यांनी छापील सुती कपडे घातलेल्या बायकांना गाठायला सुरुवात केली. अंगावरचे कपडे फाडले. शाई फेकली. काही ठिकाणी तेजाब फेकलं. त्या बायकांविरुद्ध पत्रकं निघाली. परक्या कापडाच्या नादी लागून त्या देश बुडवतात, त्यांना लाज नाही, असा त्यांचा सूर. १७२१ मध्ये संसदेनं कायदाच केला आणि असं कापड अंगावर घालणं बहुतांशी बेकायदा ठरवलं.

त्या विणकरांची भूक खरी होती, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी राग काढला तो कुणावर? कापड आणणाऱ्या कंपनीच्या गोदामावर नाही, तर रस्त्यानं एकट्या जाणाऱ्या बाईवर. तीनशे वर्षांनी आपल्या गावातलं फर्मान ऐकताना मला तोच सूर ऐकू येतो. घराला, गावाला, देशाला जो धोका वाटतो तो बाईच्या अंगावरच्या कपड्यात शोधायचा, कारण तिथे हात सहज पोचतो. आणि कपडे सभ्य असले की मुलगी सुरक्षित राहते म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की लंडनच्या त्या बायका गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेल्या होत्या.

खरा घाव कुठून आला ते वऱ्हाडला चांगलं ठाऊक असायला हवं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर आपल्याकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं केलं. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी तर हेतू लपवलाही नाही. रेल्वे आली की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल, इथे सुतासाठी लागणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि सूत कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील, अशी आशा त्यांनी लिहून ठेवली आहे. ती आशा बऱ्याच अंशी फळाला आली. गावोगावचे कोष्टी आणि विणकाम करणारी महार कुटुंबं मागावरून उठून वावरात मजुरीला गेली. आपल्या पोशाखावर इतका मोठा घाला दुसऱ्या कुणी घातला नाही, आणि त्यात एकाही मुलीच्या आवडीचा हात नव्हता.

कपड्यांच्या नियमांची दुसरी बाजू याहून जवळची आहे. आपल्याकडे पोशाखाचे नियम कायम होतेच, आणि त्यांचं काम माणसाची जात लांबून ओळखू यावी हे होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले. तुमची लुगडं नेसण्याची तऱ्हा, गळ्यातल्या गळसऱ्या, हातातले कथलाचे आणि चांदीचे गोठ ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण करून ठेवलेली आहे, ती टाका. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं लुगडं नेसा, स्वच्छ राहा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्याला 'परंपरा' म्हणून जपायला सांगितलं जात होतं, तो शिक्का होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जमलेल्या लाखोंच्या अंगावर पांढरी वस्त्रं होती, आणि आजही विदर्भातल्या वस्त्यांत भीम जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसली जाते. जुनं टाकून नवं घालणं ही कित्येकांसाठी माणूस म्हणून उभं राहण्याची पहिली पायरी होती. संस्कृतीच्या नावानं पोशाख ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी विचारेन, की तुम्ही म्हणता ती संस्कृती नेमकी कोणत्या साली थांबवायची? १९२७ च्या आधी?

एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो, तो खर्चाचा. मोबाइलवर दर पंधरवड्याला नवी फॅशन येते, दोन धुण्यांत विटणारा कपडा पार्सलनं घरपोच होतो, लग्नाआधीच्या शूटिंगचे आणि मेकअपच्या पॅकेजचे पैसे बापाच्या कर्जाच्या खात्यात चढतात. याबद्दल घरातल्या म्हाताऱ्यांना धास्ती वाटत असेल तर ती रास्त आहे. पण मग बोला खर्चावर, आणि मुलाच्या बुटांसकट, त्याच्या दुचाकीसकट बोला.

सौंदर्याच्या ज्या एका खुळानं आपल्या मुलींचं सगळ्यात जास्त नुकसान केलं, त्यावर तर पारावर अवाक्षर निघत नाही. परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका चाळा, 'वर्ण' हा रकाना सुटत नाही. गोरेपणाचं हे माप त्वचेच्या सौंदर्यातून आलेलं नाही, ते कामाच्या वाटणीतून आलं. उन्हात राबणारा काळवंडतो, सावलीत बसणारा उजळ राहतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सोळाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत बायका चेहऱ्याला शिशाचा पांढरा लेप लावत, तो विषारी असूनही. पुढे कामगार उन्हातून उठून कारखान्यांच्या छताखाली गेले, फिकुटले, आणि १९२० च्या दशकात तिथल्याच श्रीमंतांना समुद्रकिनाऱ्यावर तापून रापलेली कातडी सुंदर वाटू लागली. मापाची बाजू उलटली, पण ज्याला राबावं लागत नाही तो सुंदर, हा निकष कायम राहिला. आपल्याकडे १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली. २०२० मध्ये नावातला 'फेअर' गेला, मनातला गेला नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर सावळ्या राण्या गोऱ्या राण्यांच्या बरोबरीनं सजलेल्या आहेत. ज्या कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, तिथून ती सावळ्या विठोबालाच भेटायला जाते. कापूस वेचून रापलेल्या मुलीला 'रंगानं कमी' म्हणणं ही आपल्याच कष्टांची निंदा आहे. यावर ठराव घ्यायची हिंमत असलेलं गाव मला बघायचं आहे.

आणि गोंदण. मेळघाटात आणि गडचिरोलीत जुन्या बायकांच्या कपाळावर, हातांवर, पायांवर ते आहे. शाळेत गेलेल्या पोरींना त्याची लाज वाटावी असं वातावरण आपणच तयार केलं. आता त्याच घरातली मुलं नागपुरात जाऊन विजेच्या यंत्रानं टॅटू काढून येतात. ते यंत्र १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी पेटंट केलं, एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सुचून. मुलांच्या टॅटूबद्दल माझी तक्रार नाही. आजीच्या हातावरच्या खुणांना मागास म्हणणाऱ्यांबद्दल आहे.

शेवटी ग्रामसभेकडे येतो. कपड्यांवर तिथे बोलणं व्हायलाच हवं, आणि त्यासाठी वेचणीच्या दिवसांत कुठल्याही वावरात जाऊन पाहा. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, वाकलेल्या बायकांच्या अंगावर लुगड्यावरून, साडीवरून नवऱ्याचा नाहीतर पोराचा फुलबाह्यांचा जुना शर्ट असतो. ऊन लागू नये, बोंडांच्या वाळक्या टोकांनी हात ओरबाडू नयेत, फवारलेलं औषध अंगाला लागू नये म्हणून. डोक्याला फडकं, कमरेला ओटी. हा पोशाख कुणी शिकवला नाही, कुठल्या फॅशनच्या पुस्तकात नाही, आणि तो स्त्रीचा की पुरुषाचा, देशी की विलायती, असा प्रश्न तिथे कुणालाही पडत नाही. पुरुषाचा कपडा बाईनं घालणं वावरात चालतं, कारण तिथे तिची मजुरी लागते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यांच्यातले कित्येक जण उघड्या हातांनी, तोंडाला फार तर एक रुमाल बांधून, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत पंप घेऊन शिरले होते. फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे असावेत ही तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे. पन्नासहून अधिक वर्षं तो पोशाखाचा नियम आपल्याकडे लागू आहे आणि कुणी त्याची आठवण काढत नाही. तो पाळला नाही म्हणून माणसं मेली. मुलीच्या जीन्सनं आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा आपल्या राज्यात कायदा आहे. पुढच्या वेळी ती सभा कागदोपत्री उरकू नका. कपड्यांचा विषय तिथे मांडा आणि वेचणाऱ्या, निंदणाऱ्या, फवारणीसाठी डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बायकांना विचारा की त्यांना काय हवं आहे. हातमोजे, मास्क, चष्मा, पायात पूर्ण बूट, फुलबाह्यांचा सुती अंगरखा. औषध विकणाऱ्या दुकानदारानं बाटलीबरोबर हे सामान ठेवावं, मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यानं ते द्यावं, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी पंचायतीनं गावात चार-सहा संच भाड्याविना ठेवावेत. मृगाच्या आधी असा ठराव घ्या, सरपंचाच्या सहीनं तो तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पाठवा, आणि पहिल्या फवारणीच्या दिवशी वावरात जाऊन बघा, तो पाळला जातो की नाही.